फायबर टाकण्याआधी कागदावर: लॉस आणि मार्जिनचा हिशोब

एसएफपीच्या, म्हणजे स्विचमध्ये बसणाऱ्या आणि फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या-घेणाऱ्या मॉड्यूलच्या, डबीवर '१० किमी' छापलेलं असतं. नवा माणूस तेवढं वाचून लिंक पक्की करून टाकतो. ऐरोलीच्या ऑफिसपासून तुर्भ्याच्या गोडाऊनपर्यंत रस्ता नऊ किलोमीटर, मॉड्यूल दहाचं, म्हणजे झालं काम! बरं, लिंक बहुतेक वेळा चालूही होते. मग पावसाळा सरतो, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला कुणाची तरी खोदाई सुरू होते, केबल तुटते, जोडली जाते, पुन्हा तुटते, पुन्हा जोडली जाते. आणि एके दिवशी लिंक पडत नाही, पण एरर मोजायचा काउंटर पळायला लागतो. काय बिघडलं ते सांगता येत नाही, कारण मुळात किती पॉवर यायला हवी होती हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

तो आकडा आधी काढायचा कसा, ते इथे सांगतो. केबल ऑपरेटरकडे, डेटा सेंटरमध्ये किंवा एखाद्या कंपनीच्या नेटवर्क टीममध्ये नुकत्याच लागलेल्यांसाठी हे आहे. गणित बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. शिस्त मात्र लागते.

आधी डीबी आणि डीबीएम

साइटवर सगळे 'पॉवर किती येतेय?' विचारतात आणि उत्तर मिळतं 'मायनस बावीस'. ते उणे बावीस डीबीएम असतात. डीबीएम म्हणजे प्रत्यक्ष पॉवर: ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, -१० म्हणजे त्याचा दहावा भाग, -२० म्हणजे शंभरावा, -३० म्हणजे हजारावा. नुसतं डीबी म्हणजे वाटेत किती कमी झालं. खात्यातली शिल्लक डीबीएममध्ये आणि खर्च डीबीमध्ये, असं धरा. शिल्लक उणे असू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

३ डीबी गेले की पॉवर निम्मी, १० गेले की दहावा हिस्सा. एवढं पाठ असलं की पुरे. घरातला ओएनटी, म्हणजे फायबर शेवटी ज्या पेटीत शिरतो ती, -२७ डीबीएमपर्यंत चालतो म्हणतात तेव्हा तो जेमतेम २ मायक्रोवॉटवर चालत असतो. कनेक्टरच्या तोंडावरची धूळ एवढी महागात का पडते, ते यावरून लक्षात येईल.

मॉड्यूलचा कागद वाचा, डबी नाही

डेटाशीटमधून चार आकडे काढा: ट्रान्समिट पॉवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त, रिसीव्हरची सेन्सिटिव्हिटी (त्याला चालायला लागणारी कमीत कमी पॉवर), आणि रिसीव्हरला सहन होणारी कमाल पॉवर म्हणजे ओव्हरलोड. 'टिपिकल' नावाचा रकाना दिसला तर त्यावर बोट ठेवून झाकून टाका. मॉड्यूल जुनं झालं, कॅबिनेटमधला पंखा बंद पडला, मे महिन्यात आत भट्टी झाली, की टिपिकल कामाचं राहत नाही.

कमीत कमी ट्रान्समिटमधून सेन्सिटिव्हिटी वजा केली की पॉवर बजेट मिळतं. १० गिगच्या एलआर मॉड्यूलचं उदाहरण घ्या. ते १३१० नॅनोमीटरच्या वेव्हलेंग्थवर, म्हणजे तरंगलांबीवर, चालतं. स्टँडर्डप्रमाणे ट्रान्समिट किमान -८.२ डीबीएम, रिसीव्ह किमान -१४.४. फरक ६.२ डीबी. दहा किलोमीटरचं मॉड्यूल म्हणवतं आणि खर्चायला देतं सहा डीबी! १ गिगचं एलएक्स१० घेतलं तर -९ आणि -१९.५, म्हणजे १०.५ डीबी. डबीवर दोन्हींना '१० किमी' असतं, पण हातात येणारी रक्कम अगदी वेगळी.

लांबी मोजताना

नकाशावरचं अंतर ही केबलची लांबी नव्हे. प्रत्येक जॉइंटपाशी दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मीटरचं लूप ठेवावं लागतं, रस्ता ओलांडायला वळसा पडतो, नाला आला की केबल पुलाकडे जाते, इमारतीत शिरल्यावर डक्टमधून वर चढते. त्यात ट्यूबमधला फायबर किंचित पीळ घेऊन बसवलेला असतो, त्यामुळे तो केबलपेक्षाही थोडा लांब भरतो. मी रस्त्याच्या अंतरावर दहा टक्के चढवतो. जॉइंट जास्त असतील तर त्याहून थोडं जास्त.

आपल्याकडे बाहेर टाकला जाणारा साधा सिंगल मोड फायबर म्हणजे जी.६५२डी. त्याचा लॉस १३१० ला किलोमीटरमागे ०.३५ डीबीच्या आसपास आणि १५५० ला ०.२ च्या आसपास असतो. हिशोबाला मी १३१० साठी ०.४ आणि १५५० साठी ०.२५ धरतो. जाता जाता एक गोष्ट. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी मांडलं की काचेतला लॉस किलोमीटरमागे २० डीबीपर्यंत खाली आणता आला तर दूरसंचारासाठी ती वापरता येईल. तेव्हा ते फार लांबचं वाटत होतं. १९७० मध्ये कॉर्निंगने तो टप्पा ओलांडला. आज तेवढा लॉस व्हायला शंभर किलोमीटर लागतात.

जॉइंट आणि कनेक्टर मोजा, अंदाज नको

फ्यूजन जॉइंटला (दोन फायबरची टोकं वितळवून केलेल्या जोडाला) हिशोबात ०.१ डीबी धरा. चांगल्या हाताचा जॉइंट ०.०५ च्या आतच येतो, पण पावसात चेंबरजवळ छत्री धरून केलेला जॉइंट आणि लॅबमधला जॉइंट एक नसतो. स्प्लायसरच्या, म्हणजे जॉइंट करणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवर ०.०१ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. मशीनने कॅमेऱ्यातून दोन टोकांचं चित्र बघून बांधलेला तो अंदाज असतो. त्याने प्रकाश मोजलेला नसतो.

जॉइंट किती येणार ते केबलच्या ड्रमवरून ठरतं. २ किमीचे ड्रम असतील तर १० किमीला पाच ड्रम, म्हणजे मधले चार जॉइंट. वर दोन्ही टोकांना पिगटेलचे (एका टोकाला कनेक्टर असलेल्या छोट्या तुकड्याचे) दोन. ते दोन हमखास विसरले जातात.

कनेक्टरची जोडी, म्हणजे अडॅप्टरमध्ये समोरासमोर बसलेली दोन टोकं, ०.५ डीबीची धरा. स्वच्छ आणि चांगल्या कंपनीची असेल तर ०.२-०.३ मध्ये भागतं, आणि स्टँडर्ड ०.७५ पर्यंत चालवून घेतं. एलआययूच्या, म्हणजे केबल जिथे येऊन संपते त्या पेटीच्या, पुढ्यातली प्रत्येक जोडी मोजायची. पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी केबल) जिथे एसएफपीत शिरते ती जागा मात्र मोजायची नाही. मॉड्यूलच्या आकड्यांत ती आधीच धरलेली असते.

महापे, रबाळे, ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये लिंक संपत असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: माझ्या रॅकपासून बाहेरच्या केबलपर्यंत मध्ये किती पॅनल आहेत? तुमच्या रॅकचा एलआययू, तिथून मीट-मी रूमचा (सगळ्या कंपन्यांच्या केबल जिथे भेटतात त्या खोलीचा) पॅनल, तिथून क्रॉस-कनेक्ट (दोन पॅनलमधली जोडणी), मग केबल. एकाच इमारतीत दीड-दोन डीबी संपू शकतात, आणि हे रस्त्यावरच्या कुठल्याच नकाशात दिसत नाही.

ऐरोली ते तुर्भे, प्रत्यक्ष आकड्यांत

समजा रस्ता ९ किमी. दहा टक्के चढवून केबल १० किमी धरली. मॉड्यूल १० गिग एलआर, म्हणजे १३१०.

फायबर: १० × ०.४ = ४.० डीबी
जॉइंट: ६ × ०.१ = ०.६ डीबी
कनेक्टर: दोन टोकांना एकेक जोडी, २ × ०.५ = १.० डीबी
एकूण: ५.६ डीबी

बजेट ६.२. उरले ०.६, हेच मार्जिन. आता ऐरोलीचं टोक डेटा सेंटरमध्ये आहे आणि तिथे आणखी दोन जोड्या निघाल्या असं धरा. लॉस ६.६ झाला आणि हिशोब तोट्यात गेला. तरीही ही लिंक लावली तर पहिल्या दिवशी चालण्याची शक्यता भरपूर आहे, कारण नवं मॉड्यूल किमान आकड्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त पॉवर सोडतं आणि जॉइंटही ०.१ पेक्षा चांगले पडलेले असतात. नेमकी इथेच फसगत होते. चालू झालेली लिंक दाखवून कुणी 'बघ, तुझा कागद चुकला' म्हणालं तर वाद घालू नका. त्या दिवसाचे आकडे तारखेसकट लिहून ठेवा.

मग करायचं काय? १ गिगने काम भागणार असेल तर एलएक्स१० लावा. चार जोड्या धरूनही १०.५ मधून ६.६ गेले की ३.९ हातात राहतात. १० गिगच हवं असेल तर ४० किमीवालं ईआर मॉड्यूल. ते १५५० वर चालतं. किमान ट्रान्समिट -४.७, रिसीव्ह -१५.८, बजेट ११.१. फायबरचे आता २.५ डीबी, जॉइंटचे ०.६, चार जोड्यांचे २.०, एकूण ५.१. मार्जिन ६.०. ऐसपैस झालं.

पण थांबा, अजून एक बाजू राहिली.

पॉवर जास्त झाली तर

ईआरचं कमाल ट्रान्समिट +४ डीबीएम आहे आणि रिसीव्हरला सहन होते -१ पर्यंत. म्हणजे वाटेत निदान ५ डीबी जायलाच हवेत. आता हिशोब उलटा करायचा, सगळं उत्तम जमलंय असं धरून: फायबर १० × ०.२ = २.०, जॉइंट ६ × ०.०५ = ०.३, चार जोड्या ०.२ च्या = ०.८. एकूण ३.१. +४ मधून ३.१ गेले तर रिसीव्हरवर +०.९ पोचतात. रिसीव्हरचे डोळे दिपणार. एरर तर येतीलच, वाईट वेळी रिसीव्हर कायमचा जाऊ शकतो.

उपाय स्वस्त आहे: अॅटेन्युएटर, म्हणजे मुद्दाम पॉवर कमी करणारा छोटा तुकडा. ३ डीबीचं अॅटेन्युएटर रिसीव्हरच्या बाजूला लावायचं. चांगल्यात चांगल्या दिवशी लॉस ६.१, म्हणजे रिसीव्हरवर -२.१, बिनधास्त. वाईटात वाईट दिवशी ८.१, बजेट ११.१, मार्जिन बरोबर ३ डीबी. टेबलावर दोन ईआर मॉड्यूल एका मीटरच्या पॅचकॉर्डने जोडून 'चेक' करायची सवय असेल तर ती आजच सोडा. एलआर आणि एलएक्स१० मध्ये हा धोका नाही, त्यांचा रिसीव्हर स्वतःच्या जातीची पूर्ण पॉवर झेलू शकतो. लांब पल्ल्याचं मॉड्यूल आलं की अॅटेन्युएटरचा विचार आलाच.

मार्जिन किती ठेवायचं

सगळीकडे ३ डीबी सांगतात आणि मीही तेच सांगतो, पण ते कशाला लागतात हे माहीत असायला हवं. केबल तुटली आणि जवळच्या लूपमधून ओढून घेता आली तर एक नवा जॉइंट पडतो. लूप पुरलं नाही तर मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन. पाच वेळा तुकडा घातला तर दहा जॉइंट, एक डीबी गेला. लेझर वयाने मंदावतो, त्याला एक डीबी. कनेक्टर वर्षानुवर्षं काढून-घालून झिजतात, कुणीतरी मध्ये एक पॅनल वाढवतो, त्याला एक.

म्हणून जागा बघून ठरवा. डेटा सेंटरच्या आवारातली, पक्क्या डक्टमधली लिंक असेल तर दोन डीबीवर भागेल. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीच्या रस्त्याकडेने, जिथे पाण्याची, गॅसची, विजेची आणि इतर चार कंपन्यांची खोदाई चालते, तिथे मी चारपेक्षा कमी ठेवायला तयार नसतो. मग वरच्या ईआरच्या उदाहरणात ३ डीबीऐवजी २ डीबीचं अॅटेन्युएटर चालेल का? चांगल्या दिवशी ५.१, म्हणजे रिसीव्हरवर -१.१. मर्यादा -१. कागदावर पास, पण केसाच्या अंतराने. इथे निवड करावी लागते, आणि मी सुरुवातीला ३ चं लावून मोजतो, तीन-चार तुटी झाल्या की ते काढून कमीचं लावतो.

सोसायटीचा हिशोब वेगळा: स्प्लिटर

घरोघरच्या जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरवर अनेक घरं जोडायच्या पद्धतीत, फायबर आणि जॉइंट किरकोळ, खरा खर्च प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरचा. एकाचे आठ भाग केले की ९ डीबी निसर्गनियमानेच जाणार, वर स्प्लिटरचा स्वतःचा दीडेक. साधारण आकडे असे धरा: १:४ ला ७.३, १:८ ला १०.५, १:१६ ला १३.७, १:३२ ला १७.

ओएलटीचं, म्हणजे ऑपरेटरकडच्या पेटीचं, मॉड्यूल बी-प्लस क्लासचं असेल तर वाटेतला लॉस १३ ते २८ डीबीच्या मध्ये बसायला हवा. ओएलटी +१.५ ते +५ डीबीएम सोडतो, ओएनटी -८ ते -२७ झेलतो. खालच्या दिशेला १४९०, वरच्या दिशेला १३१०. फायबरचा लॉस १३१० ला जास्त, म्हणून बजेट तपासताना १३१० चाच धरायचा.

मानपाड्याला ओएलटी आहे आणि घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या एका टॉवरला कनेक्शन द्यायचंय असं समजा. टॉवरखाली १:४, मजल्यांच्या डक्टमध्ये १:८. सगळं मिळून फायबर ४ किमी: १.६. स्प्लिटर: ७.३ आणि १०.५. सहा जॉइंट: ०.६. चार जोड्या: २.०. एकूण २२ डीबी. मार्जिन ६. बरं आहे.

आता ओएनटीवर किती दिसायला हवं ते काढून ठेवा. ओएलटीच्या पोर्टवर मोजून +३.५ मिळाले. १४९० ला फायबरचे १.६ ऐवजी १.२ धरले तर लॉस २१.६, म्हणजे घरात -१८ च्या आसपास. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर -१८ किंवा -१७ दिसले तर निघा. -२४ दिसले तर नेट चालेल, ग्राहक खूश होईल, पण तुम्ही निघू नका. सहा डीबी कुठेतरी सांडतायत.

बहुतेक वेळा ते तीनपैकी एका जागी सापडतात. पहिली, हिरवा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. घुसतात दोन्ही आरामात, पण आत काचेला काच नीट टेकत नाही. दुसरी, मळलेलं टोक. प्रकाश जातो तो कोअर ९ मायक्रॉनच्या आसपास, त्यावर बोटाचा एक ठसा पुरतो. पुसायचा पेन खिशात असू द्या आणि नवी पॅचकॉर्डसुद्धा पाकिटातून काढून पुसूनच लावा.

तिसरी जागा बघायला बॉक्स उघडावा लागतो. डक्टमधल्या छोट्या बॉक्सचं झाकण हळूच काढा आणि कडेने नजर फिरवा. एखादा फायबर ट्रेबाहेर येऊन झाकणाच्या कडेत चेपलेला दिसेल, किंवा पिवळी पॅचकॉर्ड केबल टायने पाइपाला इतकी आवळलेली की टायपाशी तिला कमरच आलीय. लाल लाइटचा पेन दुसऱ्या टोकाला लावा, खोलीतला दिवा मालवा. जिथे वाकलंय तिथे आवरणातून लाली फुटते. टाय कापा, लूप तळहाताएवढं मोठं करा, ओएनटीचं पान रिफ्रेश करा.

टॉवरमध्ये घरं वाढली म्हणून १:८ काढून १:१६ लावायचा मोह होतो. लॉस २५.२, मार्जिन २.८. एका टॉवरला चालून जाईल. आधी ते सांडलेले सहा डीबी गोळा केलेले असतील तर.

लिंक तयार झाल्यावर

लाइट सोर्स आणि पॉवर मीटरने आरपार लॉस मोजा, दोन्ही वेव्हलेंग्थला. आधी एका पॅचकॉर्डवर रेफरन्स (शून्याची नोंद) घ्या आणि मीटरवर वेव्हलेंग्थ बरोबर निवडली आहे ना, ते बघा. १३१० ला कागदाइतकाच लॉस आला आणि १५५० ला कागदापेक्षा दोनेक डीबी जास्त निघाला तर कुठेतरी फायबर वाकलाय. वाकलेल्या जागेतून लांब तरंग जास्त निसटतात. दोन्हीकडे सारखाच जास्त असेल तर जॉइंट किंवा कनेक्टर बघा. जीपॉनमध्ये ओएनटी वर काय पाठवतोय हे साध्या मीटरने मोजता येत नाही, कारण तो ओएलटीने बोलावल्यावरच क्षणभर बोलतो; त्यासाठी पॉनचा मीटर लागतो. आणि मोजायला म्हणून टोक डोळ्यांसमोर धरायचं नाही, हा प्रकाश दिसत नाही आणि इजा करतो.

ओटीडीआर, म्हणजे परत येणाऱ्या प्रकाशावरून फायबरमधली अंतरं आणि लॉस दाखवणारं मशीन, दोन्ही टोकांकडून मारा आणि प्रत्येक जॉइंटची सरासरी घ्या. एकाच बाजूने बघितलं तर दोन वेगळ्या लॉटच्या फायबरमधला जॉइंट कधी वाईट दिसतो, तर कधी चक्क पॉवर वाढल्यासारखा. पहिला कनेक्टरही मोजायचा असेल तर लाँच केबल (मशीन आणि लिंकच्या मध्ये घालायचा लांब फायबर) लावाच, नाहीतर तो मशीनच्या आंधळ्या टप्प्यात जातो.

मग एका कागदावर लिहा: कागदी लॉस, मोजलेला लॉस, दोन्ही टोकांची रिसीव्ह पॉवर, अॅटेन्युएटर किती डीबीचं आणि कुठे, आणि प्रत्येक जॉइंटचं ओटीडीआरवरचं अंतर त्याच्या खऱ्या जागेसकट: घणसोली स्टेशनजवळचा चेंबर, महापे पुलाखालचा चेंबर, असं. दोन टोकांच्या एलआययूच्या दारात एकेक प्रत चिकटवा, एक फोनमध्ये.

तो शेवटचा रकाना केबल तुटल्यावर कामाला येतो. ओटीडीआर म्हणतो ४.३५० किमीवर तुटली. ऑफिसपासून रस्त्यावर ४.३५० मोजून खणायला घेऊ नका. लूप आणि वळणं धरून ती जागा तीन-चारशे मीटर अलीकडे असू शकते. यादीत बघा, ४.१०० वर महाप्याचा जॉइंट आहे. म्हणजे तूट त्या चेंबरच्या पुढे २५० मीटर फायबरवर. चेंबरमधलं तुर्भ्याच्या बाजूचं पंधरा मीटरचं लूप वजा करा, चेंबरपासून टेप लावून सव्वादोनशे मीटर चाला आणि त्याच्या आसपास ताजी माती कुठे दिसते ते बघा.